पुराणातील तलवार

पुराणातील वांगी पुराणात, अशी आपल्याकडे म्हण आहे. पुराणिकाने पाटावर बसून सांगितलेले आणि त्याच्या घरी चुलीवर शिजणारे यांत जे अंतर असते, त्यावर तिने नेमके बोट ठेवले आहे. हीच म्हण तलवारीला लावून पाहिली तर काय हाती लागते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ग्रंथात वर्णिलेली तलवार ग्रंथातच राहते, की वाचणाऱ्याच्या हाती येऊ शकते? पुस्तकात निजलेली विद्या आणि परक्याच्या हाती गेलेले धन ही ऐन वेळी कामास येत नाहीत, असे आपले सुभाषितकार फार पूर्वीच बजावून गेले आहेत. तथापि गेल्या शंभर वर्षांत जुन्या शस्त्रांची विद्या जगात जेथे जेथे शिल्लक राहिली, तेथे तेथे ती पुष्कळ अंशी पुस्तकांच्याच आश्रयाने राहिली, हेही तितकेच खरे. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावरील काठी, विळा आणि वल्हे चालविण्याचे डाव आज दूरदूरच्या देशांतील माणसे पुस्तके समोर ठेवून घोटीत असतात. आणि आपल्याकडील लाठी, फरीगदका व दांडपट्टा यांचे वर्णनही बडोद्यास छापलेल्या जाडजूड मराठी खंडांतून वाचावयास मिळते. सुभाषितकार चुकले, की ही माणसे चुकत आहेत?

ह्या विचाराचा आरंभ श्रीवर्धनापासून करणे सोयीचे आहे. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील हे गाव रोठा सुपारीसाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव म्हणूनही. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात मोडत असे. त्याच सिद्दीशी बिनसल्यामुळे येथील देशमुखी सांभाळणाऱ्या घरातील बाळाजी विश्वनाथ किनारा सोडून घाटावर गेला, आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचा पेशवा झाला. तो मूळचा लेखणीचा माणूस. वसुलाचे हिशेब, सनदा, तह आणि वाटाघाटी ही त्याची हत्यारे. घोड्यावर बसणे त्यास नीट साधत नसे, दोहो बाजूंनी माणसे धरून चालत, अशी एक आख्यायिकाही त्याच्याविषयी प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो, लोकांनी ह्या पुरुषाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले हे तिच्यावरून कळते. ह्याच कारकुनाचा मुलगा बाजीराव, जन्म १७००, पुढे हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीचा घोडेस्वार सेनापती ठरला. एका पिढीत हा पालट कसा झाला? घरी पोथ्या होत्या, परंतु घोडा आणि भाला त्याने पोथीत पाहिला नाही. लहान वयापासून तो वडिलांबरोबर लष्कराच्या गोटात वावरला, आणि जे शिकावयाचे ते तेथे शिकला. लेखणीवर पोसलेल्या ह्या घराण्याची तलवार मात्र कागदावर शिकलेली नव्हती.

ही गोष्ट एका घराण्यापुरती नाही. मराठी राज्याने मोडी कागदांचे डोंगर मागे ठेवले. घोडे किती, बारगीर किती, कोणत्या किल्ल्यावर दारू किती आणि गोळे किती, हे सर्व त्यांत सापडते. पण तलवार धरलेला हात कसा वळतो, ही बाब दप्तरात टिपून ठेवण्याची मानली जात नसे. तिची जागा तालमीत. बखरकारांचीही तीच तऱ्हा. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली जिवा महालाने सय्यद बंडाचा हात हत्यारासकट उडविला, हे बखरी सांगतात, आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण पोरासोरांच्या तोंडी आहे. परंतु त्या क्षणी जिवाचा पाय कोठे होता, वार खांद्यातून आला की कमरेतून, शत्रूचा हात उगारला जाण्यापूर्वी तो निघाला की नंतर, यांविषयी बखर मुकी आहे. बखरीला फळ सांगावयाचे असते. क्रिया तिला ठाऊक असण्याचे कारण नाही.

मग क्रिया सांगणारे ग्रंथ आपल्याकडे नव्हतेच काय? होते, आणि त्यांची परीक्षा बोधप्रद आहे. अग्निपुराणात धनुर्वेदाचे काही अध्याय आहेत. त्यांत धनुर्धराने उभे कसे राहावे ह्याचे वर्णन चांगले रेखीव आहे. ‘वैशाख’ ह्या पवित्र्यात दोन पायांत तीन वितींचे अंतर, ‘मंडल’ ह्यात चार वितींचे, आणि ‘आलीढ’ ह्यात पाच वितींचे. शिवाय आलीढात उजवा गुडघा व मांडी ताठ ठेवून नांगरासारखी आकृती करावयाची. हे वाचून आजही एखाद्या विद्यार्थ्यास अंगणात खडूने रेघा मारून त्याप्रमाणे उभे राहता येईल. पुढे ढाल-तलवारीचा विषय येतो, आणि तेथे मात्र पुराणाची भाषा एकाएकी पालटते. भ्रांत, उद्भ्रांत, आविद्ध, आप्लुत, श्येनपात अशी बत्तीस नावे एकामागून एक येतात आणि प्रकरण पुढे सरकते. श्येनपात म्हणजे ससाण्याची झडप हे कोणीही सांगेल. पण ती झडप कोणत्या पायावरून घ्यावयाची, ढाल त्या वेळी कोठे असावी आणि झडप चुकली तर माघारी कसे यावे, हे सांगणारा त्या नावांबरोबर उरलेला नाही. ज्या पंडिताने ती नावे श्लोकात बसविली, त्याच्या काळी ती पुरेशी असतील. कारण नाव उच्चारताच डाव करून दाखविणारा उस्ताद हाकेच्या अंतरावर असे. उस्ताद गेला, आणि नाव म्हणजे कुलूप हरवलेल्या किल्लीसारखे झाले.

ह्यावरून एक नियम हाती लागतो. जे स्थिर आहे आणि मोजता येते, ते ग्रंथात टिकते. जे चालते आहे, त्याचे केवळ नाव टिकते. पायांतील अंतर वितींनी मोजता आले म्हणून ते कित्येक शतके ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचले. तलवारीची गती मोजता आली नाही, म्हणून ती वाटेतच गळून पडली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ पाहिला म्हणजे दुसरेही एक कारण कळते. त्यात शस्त्रांची आणि मल्लांची प्रकरणे आहेत, पण ती ‘विनोद’ ह्या सदराखाली: शस्त्रविनोद, अंकविनोद, मल्लविनोद. म्हणजे लिहिणारा आखाड्याच्या मातीत उभा नसून राजाच्या आसनाशेजारी बसला आहे. मल्लांना काय खावयास द्यावे, झुंजी कशा लावाव्या, हे तो जाणतो. कारण ती यजमानाची बाब आहे. शिकणाऱ्यासाठी लिहिलेले पुस्तक आणि पाहणाऱ्यासाठी लिहिलेले पुस्तक यांत हा भेद असावयाचाच.

शिकणाऱ्यासाठी पुस्तक लिहिण्याची गरज केव्हा उत्पन्न होते? विद्या चालती असताना नव्हे. ती जाऊ लागली म्हणजे. महाराष्ट्रात ती वेळ एकोणिसाव्या शतकात आली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हजारो हत्यारबंद माणसांचा धंदा बुडाला. १८५७ नंतर सरकारने प्रजेची हत्यारे काढून घेण्यास आरंभ केला, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून तलवार बाळगणे हाच गुन्हा ठरला. तलवार गेली, काठी राहिली. पट्टा मिरवणुकीत उतरला, आणि १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर त्याला वर्षाकाठी एक ठरावीक रंगभूमीही मिळाली. उस्ताद कमी झाले आणि जे उरले ते आपली विद्या अधिकच मुठीत धरून बसले. मांजराने वाघाला सारे शिकविले, झाडावर चढणे तेवढे शिकविले नाही, ही गोष्ट आपण लहान मुलांना कौतुकाने सांगतो. परंतु पाच पिढ्या प्रत्येक मांजराने एकेक डाव राखून ठेवला, तर सहाव्या पिढीतील वाघाला काय उरेल, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही.

हा हिशेब ज्यांनी ओळखला, ते बडोद्याचे. सयाजीराव महाराजांच्या त्या राजधानीत जुम्मादादांच्या आखाड्याची गादी चालविणारे प्रोफेसर माणिकराव यांनी एक वरवर साधे दिसणारे, पण परिणामाने मोठे काम केले. जो व्यायाम उस्ताद एकेकाला कानात सांगून शिकवीत असे, तो त्यांनी आकड्यांत तोडला, आणि देशी भाषेतील आज्ञांवर शेकडो मुलांकडून एकाच वेळी करवून घेतला. त्याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठी ‘व्यायामज्ञानकोश’ काढला. १९३६ ते १९४९ ह्या काळात त्याचे दहा खंड प्रसिद्ध झाले, आणि १९५० मध्ये त्यातील साराचा एक इंग्रजी खंडही निघाला. इकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम दाखवून आले. हे सारे एकाच प्रेरणेचे आविष्कार होते. जे गुपित होते ते उघड करावे, जे एकट्याचे होते ते सर्वांचे करावे, आणि जे हिंदुस्थानचे आहे ते जगाच्या पंक्तीला बसवावे, ही ती प्रेरणा. तीत केवढे औदार्य होते हे आज सहज ध्यानात येत नाही. जातीच्या, घराण्याच्या आणि गुरूच्या कुंपणाआड असलेली विद्या कोणाही साक्षर मुलाने विकत किंवा वाचनालयातून घ्यावी, असा तो उघड दरवाजा होता.

ह्या नव्या पुस्तकांनी अग्निपुराणाची अडचण पुष्कळशी दूर केली. वाराचे नाव आणि त्याचे ठिकाण यांची त्यांनी गाठ घालून दिली. लाठी-जंबियाच्या परंपरेत तमाचा, बाहेरा, शीर अशी वारांची नावे आहेत. ती नुसती शोभेची नसून प्रतिपक्षाच्या शरीरावरील कोणती जागा, कोणत्या बाजूने, हे त्यांतच सांगितलेले असते. त्यांना आकडे जोडले, आकड्यांना पावले जोडली, आणि पावलांशेजारी चित्र किंवा छायाचित्र दिले. दांडपट्ट्यासारखे हत्यार तर ह्या पद्धतीला विशेष अनुकूल. पट्ट्याचे पाते सुमारे चार फूट लांब, दुधारी व लवचीक; मूठ आडवी, आणि तीवर कोपराच्या दिशेने चढत जाणारा लोखंडी खोबळा. हात त्यात गेला म्हणजे मनगट जवळजवळ जखडले जाते. तलवारीत जे काम मनगट करते, ते येथे खांद्याने, कमरेने आणि पायाने करावे लागते. म्हणून पट्टेकरी सदैव फिरता असतो, आणि त्याची सारी विद्या पावलांच्या आराखड्यात उतरलेली असते. पावले जमिनीवर काढून दाखविता येतात. त्यामुळे पट्ट्याचे हात पुस्तकावरून बरेचसे समजू शकतात, इतकेच नव्हे, तर थोडी पूर्वतयारी असलेल्यास करताही येतात.

परंतु येथेच पुस्तकाची मर्यादा आरंभ पावते. फरीगदक्याचे प्रकरण काढून पाहावे. एका हातात चामड्याची फरी, दुसऱ्यात चामडे मढविलेला गदका, आणि समोर तसाच सज्ज दुसरा माणूस. येथे पहिल्याने तमाचा मारला असता दुसऱ्याने अमुक करावे, असे पुस्तक सांगते. पण दुसरा अमुक न करता तमुक करील तर? त्याने वार करण्याचे नुसते सोंग केले तर? तो डावरा असेल तर? अंतर अर्ध्या हाताने कमी पडले तर? प्रत्येक ‘तर’ला एक परिच्छेद लिहू गेल्यास दहा काय, शंभर खंड पुरणार नाहीत. उस्ताद हे सारे ‘तर’ एका दुपारी गदक्याच्या टोकाने अंगावर लिहून देतो. लढाईतील अंतर आणि वेळ ह्या दोन गोष्टी माणसामाणसांत उत्पन्न होतात. त्या एकट्या माणसात नसतात, म्हणून एकट्याने वाचावयाच्या पुस्तकातही असू शकत नाहीत.

ओकिनावाचे उदाहरण ह्या ठिकाणी फार उपयोगी पडते, कारण तेथील मंडळींनी हीच अडचण निराळ्या वाटेने सोडविण्याचा यत्न केला. हे बेट म्हणजे पूर्वीच्या र्‍युक्यू राज्याचे मुख्य ठाणे. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी त्यावर चढाई केली आणि १८७९ मध्ये जपानने ते राज्यच खालसा केले. हत्यारे काढून घेतल्यामुळे शेतकऱ्यांनी अवजारांनाच हत्यारे केले, अशी तेथील लोकप्रिय कथा आहे. संशोधकांना ती सर्वांशी मान्य नाही, कारण ‘साई’ नावाचा त्रिशूळासारखा लोखंडी दांडा तेथील शिपाई बाळगीत असत. तरी ‘बो’ म्हणजे लांब काठी, ‘कामा’ म्हणजे विळा आणि ‘एकू’ म्हणजे नावाड्याचे वल्हे, ही तेथील शस्त्रांची यादी आपल्या किनाऱ्यावरील माणसाला परकी वाटणार नाही. श्रीवर्धनच्या कोळ्याच्या घरात ह्यांतील तीनही वस्तू एके काळी सहज सापडल्या असत्या.

त्या बेटावरील गुरूंनी विद्या टिकविली ती ‘काता’च्या रूपाने. काता म्हणजे ठरावीक क्रमाने, ठरावीक दिशांना करावयाच्या हालचालींची माळ. आपल्याकडे वैदिकांनी ज्याप्रमाणे अर्थाची वाट न पाहता पद आणि क्रम घोटून संहिता अखंड ठेवली, त्याप्रमाणेच हे शरीराचे पाठांतर होय. काता हे कागदावर न लिहिलेले पुस्तकच. छापील पुस्तक पुढे आले. ‘बुबिशी’ नावाचा मूळचा चिनी, मुख्यत्वे नुसत्या हातांच्या विद्येचा ग्रंथ गुरूशिष्य हाताने उतरवून घेत, आणि तो माबुनी केन्वा ह्याने १९३४ मध्ये छापून उघड केला. शस्त्रांच्या बाबतीत हे काम ताइरा शिन्केन (१८९७–१९७०) ह्याने केले. तो निरनिराळ्या गुरूंकडून विखुरलेले काता गोळा करीत होता. मध्यंतरी १९४५ च्या युद्धात ओकिनावाची राखरांगोळी झाली. माणसे मेली, घरे गेली, कागद गेले. उरलेल्या भांडवलावर त्याने जमविलेल्या संग्रहाचा ग्रंथ १९६४ मध्ये निघाला. मुजुमदार आणि ताइरा हे दोघे एकमेकांना ओळखीत नव्हते. पण दोघांच्या हातून एकच काम, एकाच भीतीने, एकाच शतकात घडले.

आता ताइराच्या परंपरेतील एक काता पाहू. ‘त्सुकेन सुनाकाके’ असे त्याचे नाव. त्सुकेन हे एक छोटे बेट, आणि सुनाकाके म्हणजे वाळू उडविणे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या नावाड्याने वल्ह्याच्या पात्याने वाळू उपसून शत्रूच्या डोळ्यांत फेकावयाची आणि त्याच झोकात वल्हे फिरवून वार करावयाचा. पुस्तकात हे चित्रासह दाखविता येते. परंतु श्रीवर्धनच्या पुळणीवर एकदा तरी चाललेला माणूस लगेच विचारील: वाळू ओली की कोरडी? ओहोटीची घट्ट वाळू पात्यावर ढेकळासारखी येते, सुरूंच्या रेषेकडील कोरडी वाळू धुळीसारखी उडते. आणि वारा कोणीकडून? समोरून असेल तर वाळू कोणाच्या डोळ्यांत जाणार, हे कोळ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. ज्या माणसाने हा डाव बसविला, त्याने हे सारे गृहीत धरले होते. कारण त्याचे शिष्य त्याच वाळूत वाढलेले होते. डाव पुस्तकात गेला, आणि वाळू बाहेर राहिली. आता दूरच्या एखाद्या शहरात लाकडी फरशीवर तो डाव घोटणारा माणूस वल्हे बरोबर फिरवील, परंतु तो नसलेली वाळू नसलेल्या डोळ्यांत फेकीत असतो.

ह्यावरून पुस्तक निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. युरोपात सोळाव्या शतकात योआखिम मायर ह्या जर्मन उस्तादाने १५७० मध्ये तलवारीवर मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्या विद्येची गुरुपरंपरा पुढे समूळ तुटली. तरी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील हौशी लोकांनी असे जुने ग्रंथ उघडून, बोथट तलवारी घडवून आणि अंगावर जाड अंगरखे चढवून त्या विद्येचा पुष्कळ भाग पुन्हा उभा केला आहे. त्यांच्या यशाचे मर्म पुस्तकात नसून एका साध्या शिस्तीत आहे: एकट्याने वाचावे, पण दोघांनी पडताळावे. ग्रंथाचा लावलेला अर्थ चुकीचा असेल, तर समोरच्याची बोथट तलवार तो तत्काळ दाखवून देते. पुस्तकाचे मौन प्रतिपक्षी भंग करतो. टीकाकार जसा शब्दार्थाच्या वादात दुसऱ्या टीकाकारापुढे उभा राहूनच शहाणा होतो, तसेच हे.

माझ्या मते आपल्याकडे चिंता करण्यासारखी गोष्ट पुस्तकी शिक्षण ही नाही. पुस्तकाने विद्या राखली खरी, पण आपल्या आकाराची करून राखली, आणि त्याचा आपणास विसर पडत चालला आहे, ही ती गोष्ट होय. जे आकड्यांत तुटते, जे एकट्याने करता येते, जे रांगेत शोभते, ते छापले गेले आणि शिकविले गेले. जे दोघांत घडते, ते गाळले गेले. लेझीम पाहावी. मुळात ती धनुर्धराचे खांदे कमावण्यासाठी केलेली, जड साखळीची, ओढावयास कठीण असे धनुष्य. शाळेच्या मैदानावर ती हलकी झाली, तिच्या चकत्या तालावर वाजू लागल्या, आणि आज तिच्यात धनुष्य होते हे सांगितल्याशिवाय कोणास सुचत नाही. लेझीम सुंदर आहे, तिच्यावर राग धरण्याचे कारण नाही. परंतु लेझीम नाचणाऱ्याने आपण धनुर्विद्या जाणतो असे म्हणू नये, एवढीच अपेक्षा.

दांडपट्ट्याचीही गत तीच होऊ घातली आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यास राज्यशस्त्राचा मान दिला. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुले आणि मुली तो फिरवितात, तेव्हा पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो, आणि तो यावाही. परंतु फिरविणाऱ्यासमोर कोणी नसते. लिंबू कापले जाते. लिंबू उलट वार करीत नाही. त्या प्रदर्शनास आपण ‘शिवकालीन युद्धकला’ असे सरसकट नाव देतो, तेव्हा त्यातील किती भाग प्रतापगडाच्या काळचा, किती मिरवणुकीने घडविलेला आणि किती विसाव्या शतकातील आज्ञा-आकड्यांच्या कवायतीतून आलेला, हा प्रश्न विचारणेच आपण सोडून देतो. हा प्रश्न विचारल्याने शिवाजी महाराजांच्या शिपायांचा मान कमी होत नाही. उलट न विचारल्याने होतो. कारण ज्या कष्टाने, ज्या जखमांनी आणि ज्या भीतीवर मात करून ती विद्या त्यांनी मिळविली, ती आपणास टाळ्यांच्या गजरात आपोआप मिळाली, असा त्याचा अर्थ होतो.

तेव्हा करावे काय? जुने खंड वाचनालयाच्या कपाटातून खाली काढावेत आणि ते वाचताना दोघांनी वाचावेत. एकाने पुस्तक धरावे आणि एकाने गदका, आणि मग दोघांनीही गदके धरावेत. जे थोडे वृद्ध उस्ताद जुन्या तालमींतून अद्याप असतील, त्यांचे एकट्याचे हात टिपून थांबू नये. ते समोरच्याला कसे चुकवितात, कसे फसवितात, कोठे थांबतात, हे टिपावे. आता चालती चित्रे घेण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे जी गती अग्निपुराणाला मोजता आली नाही, ती आपणास साठविता येते. मात्र चालत्या चित्रातही एक दोष आहे. ते वार दाखविते, वाराचे कारण दाखवीत नाही. म्हणून चित्राखाली शब्द हवेतच, आणि शब्दांत प्रामाणिकपणा हवा.

हा प्रामाणिकपणा कोणाकडून शिकावा, असे विचाराल तर उत्तर पुन्हा श्रीवर्धनाकडेच नेते. बाळाजी विश्वनाथाला घोडा साधत नव्हता असे म्हणतात, पण हिशेब साधत होता. चांगल्या हिशेबनिसाच्या वहीत जमा आणि खर्च यांच्याखाली आणखी एक ओळ असते, आणि तिच्यावर त्याची अब्रू अवलंबून असते. ती ओळ बाकीची. येणे काय राहिले, कोणाकडे राहिले, आणि कोणते येणे बुडीत खात्यात गेले, हे तो लपवीत नाही. शस्त्रविद्येच्या आपल्या पुस्तकांत जमेची बाजू भरघोस आहे. बाकीची ओळ कोणी लिहिलेली नाही. प्रत्येक हाताच्या वर्णनाखाली, ह्यातील एवढे पुस्तकात आले, एवढे समोरच्या माणसाकडून घ्यावयाचे राहिले, असे जो पुढील लेखक लिहील, तो शिष्याला पुस्तकाच्या दारातून बाहेर आखाड्याकडे पाठवील. पुराणातील तलवार पुराणात राहिली तरी चालेल. ती तेथे अर्धीच आहे, एवढे पुराणाने स्वतः सांगितले पाहिजे.